रस्त्याखालचा नकाशा रस्त्याच्या मालकाकडे असू द्या

प्रति,
मा. सचिव (रस्ते),
सार्वजनिक बांधकाम विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : भूमिगत कोळसा खाणींमुळे सार्वजनिक रस्ते खचू नयेत व त्यांवर दरडी येऊ नयेत, यासाठी खाणींचे नकाशे रस्त्यांच्या दप्तरात आणण्याबाबत.

महोदय,

मी चौतीस वर्षे वर्धा खोऱ्यातील भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर होतो आणि निवृत्तीनंतर मुलाकडे ऐरोलीला राहतो. सर्व्हेअर काय करतो हे खाणीबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. खाली जेवढे खोदले गेले तेवढे ठरावीक मुदतीत मोजायचे, कागदावर उतरवायचे, आणि त्याच कागदावर वर जमिनीवर काय काय आहे, म्हणजे विहीर, ओढा, देऊळ, विजेचा टॉवर, रस्ता, तेही दाखवायचे. खालचे आणि वरचे एकाच कागदावर पाहण्याची सवय या नोकरीने मला लावली. ती अजून सुटलेली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बसने जातानाही आपल्याखाली काय असेल, हा विचार माझ्या मनात येतो आणि घरातले त्यावर हसतात.

माझी मागणी एकच आहे. ज्या सार्वजनिक रस्त्याखाली किंवा ज्याच्या लगत भूमिगत कोळसा काढला गेला आहे, काढला जात आहे किंवा पुढे काढायचा आहे, त्या खाणीचा नकाशा तो रस्ता सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या कपाटात असावा, काम चालू असेतोवर दरवर्षी नवा यावा, आणि त्या नकाशावर नजर ठेवून रस्त्याची पातळी मोजली जावी. माझ्या नोकरीच्या काळात असा नकाशा रस्ता सांभाळणाऱ्या कोणाच्याही कपाटात मला आढळला नाही. खाणीकडे तो होता, खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे होता. ज्याच्या डांबराला भेग पडणार होती, त्याच्याकडेच नव्हता.

यावर एक प्रसंग सांगतो. खाणीचे, गावाचे आणि कार्यालयाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. दोन गावांना जोडणारा एक रस्ता आमच्या खाणीवरून जात होता. त्याच्या थेट खाली कोळशाचे खांब तसेच सोडायचे, अशी परवानगीतली अट होती आणि ती तंतोतंत पाळली गेली. शेजारच्या भागात मात्र खांब काढून छत पाडण्याचे काम झाले. मृग लागण्याच्या सुमारास रस्त्याच्या एका अंगाला केसाएवढी भेग दिसली. मी तिच्या दोन्ही बाजूंना डांबरात एकेक खिळा ठोकला आणि दर सोमवारी पोलादी पट्टीने दोन खिळ्यांमधले अंतर मोजू लागलो. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात दोन मिलिमीटर भरले. पाचव्या सोमवारी भेगेत माझी करंगळी जात होती, आणि रस्त्याचा खाणीकडचा भाग पायाला कळेल इतका उतरला होता.

माझ्या डायरीतले आकडे घेऊन मी त्या रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयात गेलो. तेथील अभियंता भला माणूस होता. त्याने चहा मागवला, आकडे नीट वाचले, आणि मग म्हणाला, "सर्व्हेअरसाहेब, तुमचं सगळं पटतंय. पण आमच्या दप्तरी या रस्त्याखाली खाण आहे असं कुठंच लिहिलेलं नाही. मी हा खर्च कशाखाली दाखवू?" अखेर तो अतिवृष्टीच्या नुकसानीखाली दाखवला गेला. मुरूम आला, खडी आली, वर डांबर आले. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तीच भेग आली. हे तीन वर्षे चालले. एसटीचे चालक त्या ठिकाणी आपसूक गाडी उजवीकडे दाबायला शिकले. दप्तराला मात्र काही शिकण्याची सोयच नव्हती, कारण दप्तरात दोष पावसाचा होता.

जमीन का व कशी खचते हे आपल्या अभियंत्यांना मी शिकवावे असे नाही. तरी खाणीच्या बाजूने ते कसे दिसते, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. आपल्याकडील बहुतेक भूमिगत खाणींत कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढतात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. कायद्याने गॅलरीची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटर एवढीच ठेवता येते; खांब किती मोठे असावेत हे खोलीवर ठरते. एवढ्यावर काम थांबले तर वरची जमीन बराच काळ तशीच उभी राहते. परंतु खांबांत पुष्कळ कोळसा अडकलेला असतो, म्हणून मागे सरत सरत ते खांबही काढतात, ज्याला आम्ही डिपिलरिंग म्हणतो. मग छत आपल्या वजनाने खाली येते. या कोसळलेल्या जागेला खाणीत गोफ म्हणतात आणि गोफात कोणी पाय टाकत नाही. छताच्या वरचा खडक वाकतो, त्याच्या वरचा वाकतो, आणि हे वाकणे जमिनीपर्यंत पोहोचले की शेतात परातीसारखा एक उथळ, पसरट खोलगा तयार होतो. परातीच्या मध्यभागी जमीन दाबली जाते, काठाला ती ताणली जाते. रस्त्याला भेग पडते ती बहुधा या काठावर, म्हणजे जेथे खाली काहीच काढलेले नाही अशा जागी. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला म्हणूनच खाणीचा संशय येत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातकी आहे, कारण तो आधी खूण देत नाही. थर उथळ असेल आणि जुन्या गॅलरीचे छत पडू लागले, तर पोकळी हळूहळू वर चढते. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे चढता चढता ती पोकळी स्वतःच्याच ढिगाऱ्याने भरत जाते. दगड फुटल्यावर तीस टक्के फुगतो असे धरले, तर ३ मीटर उंचीची गॅलरी साधारण १० मीटर वर चढून भरून जाईल. थर त्याहून खोल असेल तर वर बहुधा काही कळणार नाही. थर त्याहून उथळ असेल, किंवा वर नुसता मुरूम आणि काळी माती असेल जी पाण्याबरोबर खाली वाहून जाते, तर एखाद्या पावसाळी रात्री जमिनीला विहिरीसारखे भोक पडते. घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये, पूर्वी भूमिगत कोळसा काढलेल्या भागावरचे एक राहते घर असेच पाहता पाहता जमिनीत गडप झाले. साठ-सत्तर फुटांचा खड्डा पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. तेथे घर होते. चार पावलांवर रस्ता असता आणि त्यावरून शाळेची गाडी चालली असती, तर तिला थांबवायला कोण होते?

आता कायद्याकडे येतो. रेल्वे, सार्वजनिक रस्ता किंवा खाणमालकाच्या मालकीची नसलेली इमारत यांपासून ४५ मीटरच्या आत खोदकाम करायचे किंवा खांब काढायचे, तर महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते. १९५७च्या कोळसा खाण विनियमांत ही तरतूद होती आणि २०१७च्या विनियमांनीही तत्त्व तेच ठेवले. तरतूद चांगली आहे आणि तिने अनेक रस्ते वाचवले आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. पण नकाशावर हे अंतर आडवे मोजले जाते, आणि खचण्याचा परिणाम आडवा जात नाही. तो खोदलेल्या भागाच्या काठापासून बाहेरच्या बाजूला तिरका वर येतो. हा कोन खडकाप्रमाणे बदलतो. उदाहरणापुरता तो २५ अंश धरू. मग १०० मीटर खोलीवरच्या कामाचा परिणाम काठाबाहेर सुमारे ४७ मीटर पोहोचतो, म्हणजे कायद्याची रेषा आणि निसर्गाची रेषा जवळपास एकच ठरते. तेच काम २०० मीटर खोल असेल तर परिणाम ९३ मीटरपर्यंत जातो. अशा वेळी रस्त्यापासून ६० मीटरवर खांब काढणाऱ्याने नियम मोडलेला नसतो, आणि तरीही रस्त्याला भेग पडू शकते. माझ्या त्या प्रसंगात थोड्याफार फरकाने हेच झाले होते. नियम बदलणे केंद्राच्या हाती आहे, हे मला समजते. नियमाच्या रेषेपलीकडे काय चालले आहे हे जाणून घेणे मात्र रस्त्याच्या मालकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी नकाशाशिवाय दुसरे काही लागत नाही.

रस्त्याखाली काम करायचेच असेल तर पोकळीत वाळू भरण्याचा उपाय जुना आहे. पाण्याबरोबर वाळू नळांनी खाली सोडतात, पाणी उपसून घेतात आणि वाळू जागेवर राहते. छत पाडले तर जमीन काढलेल्या थराच्या निम्म्याहूनही जास्त बसू शकते. वाळू नीट भरली तर ते बसणे थराच्या काही टक्क्यांवर येते. कोळसा खाणींतील या भराईसाठी आपल्या देशात १९३९ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. आज नदीची वाळू सोन्याच्या भावाने जाते, म्हणून खाणींना ती नकोशी झाली आहे. वीजकेंद्रांची राख वापरावी असे बोलले जाते आणि काही ठिकाणी ती वापरलीही जाते. त्या तपशिलात मी येथे जात नाही, कारण भराई झाली की नाही, किती झाली आणि कुठे अपुरी राहिली, हेसुद्धा शेवटी नकाशावरच दिसते.

जुन्या खाणींचा प्रश्न याहून बिकट आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७१ मध्ये कोळसा खाण सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती बंदही पडली. त्यानंतर बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, वणी अशी खाणींची रांग उभी राहिली आणि १९७३च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत त्यांतल्या अनेक खाजगी मालकांच्या हाती होत्या. खाण बंद करताना अखेरचा नकाशा सरकारजमा करावा लागतो, परंतु ज्या काळात मालक महिन्याच्या कोळशाकडे बघत आणि मोजणीकडे बघत नसत, त्या काळच्या नकाशांवर मी स्वतः पूर्ण विश्वास ठेवणार नाही. पश्चिम बंगालमधील राणीगंज आणि झारखंडमधील झरिया भागांत तर राष्ट्रीयीकरणानंतर हाती आलेली कित्येक जुनी कामे अशी होती, की त्यांचा नकाशा नाही आणि आत शिरताही येत नाही. आमचे एक जुने वरिष्ठ सर्व्हेअर म्हणत, की नकाशावर कोरी दिसणारी जागा भरीव आहे असे समजू नये. तिथे कोणी मोजायला गेले नाही, एवढेच समजावे.

झरियात कोळशाला लागलेली आग १९१६ पासून नोंदली गेली आहे. तिच्यामुळेच धनबाद-चंद्रपुरा हा सुमारे ३४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १५ जून २०१७ रोजी बंद करावा लागला आणि त्यावरून पुन्हा गाड्या धावायला २०१९ उजाडले. त्या निर्णयाने प्रवाशांचे फार हाल झाले. पण मला त्यात दिसते ते वेगळेच. रेल्वेला एक मालक आहे, त्याचे स्वतःचे अभियंते आहेत, रुळाखाली काय आहे हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि वेळ आली तेव्हा गाडी थांबवा असे म्हणणारा कोणीतरी होता. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग आपल्या विभागाचा, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, गावातला रस्ता नगरपरिषदेचा. खालचा गोफ मात्र एकच असतो आणि तो रस्त्याचा वर्ग पाहून खचत नाही.

आता आपण विचाराल, की कोळसा तिकडे विदर्भात आणि हा गृहस्थ नवी मुंबईत बसून पत्र का लिहितो? त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण दरडींचे. चंद्रपूर-वणी भागात कोळसा आहे, पण जमीन सपाट आहे, म्हणून तेथे रस्ता खचण्याचीच भीती असते. जेथे कोळशाच्या डोक्यावर डोंगर असतो तेथे जमीन ताणली गेली की कड्याच्या माथ्यावर भेगा उघडतात, सुटे झालेले कातळ पावसाची वाट पाहत बसतात, आणि खाण बंद होऊन वर्षे लोटल्यावरही खालच्या रस्त्यावर येतात. कॅनडात अल्बर्टा प्रांतात २९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे टर्टल पर्वताचा कडा फ्रँक नावाच्या खाणगावावर कोसळला. सुमारे तीन कोटी घनमीटर दगड दीड मिनिटात खाली आला. पर्वताची ठेवणच मुळात डळमळीत होती, पण पायथ्याशी चाललेल्या कोळशाच्या कामाने त्याला हातभार लावला, असे अभ्यासक मानतात. आजचा महामार्ग त्या दगडांच्या राशीतूनच जातो. ऑस्ट्रेलियात कटूंबा येथे १९३१ मध्ये कड्याचा मोठा भाग निखळला, त्याचाही संबंध खालच्या जुन्या कोळसा खाणींशी जोडला जातो. आपल्या शेजारी छिंदवाडा जिल्ह्यात पेंच-कन्हान खोऱ्यात सातपुड्याच्या टेकड्यांच्या प्रदेशात भूमिगत खाणी आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात कोळसा नाही. पण सुटा दगड कसा दिसतो, हे पाहायचे तर मुंब्रा बायपासइतकी सोयीची जागा नाही. गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा मला गाडीतून तिकडून नेत होता, तेव्हा मी त्याला सुरक्षित जागी गाडी थांबवायला लावली. वर काळ्या बसाल्टचा कडा, त्याच्या पोटात हातभर जाडीचा तांबड्या मातीचा थर, आणि त्या थरातून चहाच्या रंगाचे पाणी झिरपत होते. वरच्या कातळातल्या उभ्या भेगांतून उतरलेले पाणी तांबड्या थरावर अडते, आडवे वाहून बाहेर पडते, जाताना थोडी थोडी माती घेऊन जाते, आणि कातळाचा पाया पोखरला जातो. खाणीत आम्ही पाळी सुरू होताना लांब काठीने छत ठोकून पाहायचो. भरीव छत खणखणीत वाजते. सुटे छत मडक्यासारखे बोलते, आणि ते बोलले की तो तुकडा आधी पाडायचा, मगच माणूस आत घालायचा. बायपासवरून न्हावा-शेवा बंदराकडचे कंटेनर भिवंडी-नाशिककडे जात असतात. त्यांच्यावरचा कडा पावसाळ्याच्या आधी कोणी ठोकून पाहतो का, हे मला विचारावेसे वाटले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळून माणसे दगावली, आणि त्यानंतर कड्यांना जाळ्या लावण्याच्या कामाला जोर आला. जाळी चांगलीच, पण कुठला कातळ सुटा आहे याची नोंद नसेल, तर जाळी जिथे ठेकेदाराची शिडी पोहोचते तिथे लागते.

दुसरे कारण मला जास्त टोचते. ठाण्यात आणि नवी मुंबईत सध्या जमिनीखाली जेवढे खोदले जात आहे, तेवढे याआधी कधी खोदले गेले नव्हते. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहे आणि त्याची बोगद्यातली लांबीच सव्वादहा किलोमीटर आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा बोगदा २१ किलोमीटरचा आहे आणि त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. शहरातल्या अशा कामांवर पातळी मोजण्याच्या खुणा बसवतात, इमारतींच्या भिंतींना भेगमापक चिकटवतात, रोजच्या रोज आकडे घेतात आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की काम थांबवण्याची पद्धत असते. हे योग्यच आहे. मग वणी तालुक्यातल्या ज्या रस्त्याखाली याहून कितीतरी मोठी पोकळी मुद्दाम कोसळवली जाते, त्या रस्त्याच्या वाट्याला एकही खूण का येऊ नये? ऐरोलीत माझ्या इमारतीला जी काळजी मिळते, ती माझ्या जुन्या गावच्या रस्त्याला मिळत नाही, हे मला इथे आल्यावर अधिक कळले.

आणि ठाणेकरांनीही निर्धास्त राहू नये. कळवा आणि मुंब्र्याच्या दरम्यानचा पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६चा आहे. त्याच्या माथ्यावर पुढे वस्ती वाढली. त्या वस्तीतल्या किती जणांना आपल्या पायाखाली शंभर वर्षांचा बोगदा आहे हे ठाऊक असेल? आज होणाऱ्या बोगद्यांचे नकाशे आज ठेकेदाराच्या संगणकात आहेत. पन्नास वर्षांनी वरच्या रस्त्याला जलवाहिनी टाकणाऱ्या महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला ते कुठे सापडणार आहेत, याचे उत्तर आजच लिहून ठेवलेले बरे.

हे काम अवघड नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यात मार्च १९९५ मध्ये आंतरराज्य महामार्ग ७० वर, खालच्या सोडून दिलेल्या कोळसा खाणीमुळे खड्डा पडला आणि तो भाग दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवावा लागला. त्यानंतर तेथील परिवहन खात्याने राज्यातल्या आपल्या रस्त्यांखालच्या सोडून दिलेल्या खाणींची यादी करण्याची आणि त्यांची जोखमीनुसार क्रमवारी लावण्याची कार्यपद्धती १९९८ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने ठरवून टाकली. खाण कोणाची, बंद कधी झाली, याचा वाद घालत न बसता रस्त्याच्या मालकाने आपल्या रस्त्यापासून सुरुवात केली, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेस ह्यूम महामार्गाखालून कोळसा काढताना रस्ता बंद केला नाही. जमीन दाबली जाऊन डांबराला उंचवटा येऊ नये म्हणून आधीच आडव्या चिरा कापून ठेवल्या आणि काम चालू असेतोवर रस्त्याची हालचाल सतत मोजली. खाणवाला आणि रस्तेवाला एका टेबलावर बसल्याशिवाय असल्या चिरा कापता येत नाहीत. याच्या उलट पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावाखाली १९६२ मध्ये लागलेली आग विझली नाही, आणि राज्यमार्ग ६१चा तिथला तुकडा शेवटी सोडून देऊन वळण घ्यावे लागले.

आपल्या विभागाने नेमके काय करावे, याबद्दल माझे मत असे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करावी, कारण राज्यातला भूमिगत कोळसा मुख्यतः तेथेच आहे. रस्त्यांच्या नोंदवहीत जसा मोरी, पूल, रुंदी यांचा रकाना असतो, तसा "खाली खाण आहे काय" हा एक रकाना घालावा, आणि तो भरण्यासाठी कोळसा कंपन्यांकडून व महासंचालनालयाकडून रस्त्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे मागवावेत. पट्टा ४५ मीटरचा न धरता त्या त्या खाणीच्या खोलीवरून ठरवावा. १५० मीटर खोलीपर्यंत १०० मीटरचा आणि त्याहून खोल कामाला त्या प्रमाणात अधिक, असे माझे सुचवणे आहे, तज्ज्ञ ते कमी-जास्त करतील. ज्या लांबीखाली डिपिलरिंग व्हायचे आहे तेथे काम सुरू होण्याआधी एकदा आणि मग दर पंधरा दिवसांनी रस्त्याच्या दोन्ही कडांची पातळी घ्यावी. याला लागते काय? एक ऑटो लेव्हल म्हणजे पातळी पाहण्याची दुर्बीण, एक स्टाफ म्हणजे मोजणीची उभी पट्टी, दोन माणसे आणि अर्धा दिवस. आकडे गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, म्हणजे भेग दिसली तर अभियंत्याच्या आधी गावकरी सांगतील. उथळ जुनी कामे असतील तेथे पावसाळ्याआधी बोअर घेऊन पोकळी तपासावी आणि सापडलीच तर राख-सिमेंटचा गारा भरून ती बंद करावी.

नकाशे बाहेर आले तर खाणीची माहिती उघड होईल, अशी हरकत निघेल. मला ती खरी वाटत नाही. कोळसा किती आणि कोठे आहे हे गुपित असू शकते; काढून झालेली पोकळी कोठे आहे यात कोणते गुपित? खर्चाची हरकत मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तरही नकाशातच आहे. भेग खाणीच्या कोणत्या पॅनेलमुळे, म्हणजे कामाच्या कोणत्या भागामुळे पडली हे कागदावर दिसले, तर दुरुस्तीचे बिल खाणीकडे पाठवता येते. कागद नसेल तर ते पावसाच्या नावावर निघते आणि ते आपण-मी भरतो.

मूळ पत्रासोबत एक बंद पाकीट आहे. त्यात मघाच्या प्रसंगातल्या रस्त्याचा क्रमांक, मी खिळे ठोकले होते त्या जागेचे किलोमीटर, आणि माझ्या डायरीतल्या सोमवारच्या नोंदींची प्रत आहे. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती जागा पाहून आलो. वरचे डांबर नवे आहे, पण दोन खिळ्यांपैकी एकाचे डोके त्याच्या कडेला अजून दिसते. दुसरा सापडला नाही. पावसाळा सुरू होण्याआधी आपण तेथे एक लेव्हल आणि दोन माणसे पाठवावीत. प्रकृतीने साथ दिली तर जागा दाखवायला मी स्वतः येईन. ऐरोलीहून नागपूरपर्यंतचे तिकीट मी माझे काढीन.

कळावे.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर
ऐरोली, नवी मुंबई